सुया थांबल्या की

आर्ने सिनेमा बघताना विणकाम करायचे. सिनेमा कुणाचाही असो, अंधारात त्यांच्या खुर्चीकडून लाकडी सुयांची टकटक येत राहायची. कॅनडातल्या विनिपेगमध्ये जुन्या गोदामांच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर आमची फिल्म संस्था होती. तिथल्या बुटक्या छताच्या खोलीत ती टकटक मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, हीटर बिघडला. शेजारच्या मुलीने कानात सांगितलं, "सुया चालू आहेत तोवर तुझा शॉट कचऱ्यात. थांबल्या तर वाचला."

त्या दिवशी माझी पहिली फिल्म दाखवत होते. सुया एकदाही थांबल्या नाहीत. फिल्म संपली तेव्हा त्यांचा मोजा टाचेपर्यंत आला होता.

मी वाढले पत्रकांवर. वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. घरी पाहुणा आला की त्याला पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसवायचे, कारण खुर्च्यांवरही गठ्ठेच असायचे. मी वाचायला शिकले ते 'कामगार बंधू-भगिनींनो' या ओळीवरून. विनिपेगला शिकायला आले तेव्हा माझ्या लेखी सिनेमा म्हणजे हलणारं पत्रक होतं. त्या पहिल्या फिल्मचं निवेदन मीच केलं होतं, आणि गेटसभेत करतात तसं केलं होतं.

आर्नेंनी मोजा मांडीवर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं की, या फिल्ममध्ये तुझं भांडण कुणाशी आहे? मी म्हटलं, मालकांशी. ते म्हणाले, "मालक तर इथे आलेले नाहीत. इथे आम्ही बसलोय, आणि तू आमच्यावर ओरडते आहेस."

मी रागावून घरी गेले. पुढच्या आठवड्यात भांडायला म्हणून परत गेले. मग तिथे जातच राहिले.

तेव्हा ते सत्तरीत होते. उंच, किंचित वाकलेले, कोपरांवर दुसऱ्याच रंगाच्या लोकरीची ठिगळं असलेला स्वेटर. ठिगळं त्यांनीच विणलेली. कॅनडात कसे आलात असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं: "नॉर्वेत थंडी कमी पडायला लागली होती." खरं कारण मार्गरेट होती. विनिपेगची मुलगी, ऑस्लोला संगीत शिकायला गेलेली. त्यांनी तिथे लग्न केलं आणि काही वर्षांनी ते तिच्यामागोमाग या सपाट, वाऱ्याच्या प्रदेशात आले. "समुद्र नाही," एवढीच त्यांची विनिपेगबद्दल तक्रार होती. हिवाळ्यात रेड नदी गोठली की तिच्यावरून चालत ते संस्थेत यायचे. रस्ता त्याहून जवळचा होता.

त्यांचा जन्म नॉर्वेच्या पार उत्तरेकडच्या एका बेटावरचा. कोकणात बोंबील वाळत घालतात तसे तिथे लाकडी मांडवांवर कॉड मासे टांगतात, आणि लहानपणी सगळ्या जगाला तोच वास असतो असं त्यांना वाटायचं. त्या वासात सिनेमा शिरला तो त्यांच्या मामामुळे. मामा सरकारी फिरत्या सिनेमाचा माणूस होता. गाडीत प्रोजेक्टर आणि पडदा घालून, गाडीसकट होडीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचा, शाळेच्या नाहीतर प्रार्थनेच्या सभागृहात पडदा बांधायचा, आणि सिनेमा दाखवून पुढच्या होडीने निघायचा. पुढे आर्ने ऑस्लोला गेले आणि दिग्दर्शक झाले. दीपगृहात राहणाऱ्या दोन बहिणींचा त्यांनी केलेला मुलांचा सिनेमा तिथल्या एका पिढीला पाठ आहे. मार्गरेट सांगायची, ऑस्लोच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या बाईने यांचं नाव वाचलं आणि त्या सिनेमातलं गाणंच गुणगुणायला लागली. हे लाजून बुटाची नाडी बांधत बसले. बुटाला नाडी नव्हती. त्या सिनेमानंतर त्यांनी एक मोठा ऐतिहासिक सिनेमा केला, तो साफ आपटला. "त्यातलं जहाज खरंच बुडालं," आर्ने म्हणायचे, "आणि ते कथेत नव्हतं." कॅनडात आल्यावर मोठे सिनेमे संपले. लहान माहितीपट आणि आमच्यासारखे विद्यार्थी, एवढंच उरलं. त्याबद्दल हळहळताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला मात्र त्यांच्या वतीने राग यायचा.

कौतुक करणं त्यांना जमत नसे. फार आवडलं तर म्हणायचे, "वाईट नाही." त्यांच्या बेटावर याच्यावरचं कौतुक नसतंच म्हणे. एकदा मी त्यांना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला नेलं. चर्चच्या बेसमेंटमध्ये गणपती, वर रविवारची प्रार्थना, याची त्यांना फार गंमत वाटली. मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, निवृत्त डॉक्टर देशमुखकाका, त्यांना गाठून बसले आणि नॉर्वेत जावयाला किती मान असतो इथपासून सगळं विचारून घेतलं. मग काकांनी पेढा पुढे केला. आर्नेंनी तो तोंडात टाकला आणि डोळे मिटले. त्यांच्या नॉर्वेत एक तपकिरी, गोडसर चीज असतं, दुधाचं पाणी आटवून आटवून केलेलं. आर्ने ते रोज ब्रेडवर खायचे. डोळे उघडून म्हणाले, "हे तर आमचंच आहे. तुम्ही त्याला गोल केलंत." काकांनी विचारलं, पण आवडला का? "वाईट नाही," आर्ने म्हणाले. काकांचा चेहरा पडला. मी मध्ये पडून सांगितलं, काका, याहून जास्त हा माणूस बायकोलाही म्हणत नाही. काका म्हणाले, "म्हणजे सदाशिव पेठेतला दिसतो," आणि त्यांना अजून दोन पेढे बांधून दिले.

आता सोनवण्यांबद्दल. नाव बदललं आहे.

विनिपेगपासून दोनेक तासांवर एका गावात डुकराचं मांस कापण्याचा कारखाना होता. जगभरातून माणसं आणून तिथे उभी केलेली. पट्टा सरकत राहतो, माणूस सुरीने तोच एक काप घालत राहतो. आर्नेंना तिथल्या कामगारांवर फिल्म करायची होती. आत कॅमेरा नेऊ देणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून घरांमधली. मी भाषेसाठी सोबत. सोनवणे नाशिकचे. दोन खोल्यांत चौघे मिळून राहायचे. बायको आणि मुलगी नाशकातच, कागदपत्रं व्हायची होती. आर्ने त्यांच्याकडे वर्षभर जात राहिले. पहिले कित्येक महिने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. भाजी चिरायला बसायचे, नाहीतर विणत. सोनवणे मला म्हणायचे, "ताई, हे बाबा पिक्चर काढायला आलेत का स्वेटर?"

एका सकाळी सोनवण्यांनीच कॅमेऱ्यासमोर आपले हात दाखवले. झोपेतून उठल्यावर त्यांची बोटं उघडायची नाहीत, सुरी धरल्यासारखी वळलेलीच राहायची. पातेल्यात गरम पाणी घेऊन ते त्यात हात बुडवून बसायचे. एक एक बोट सुटायचं. मग चहा. ते चित्रण आम्ही संस्थेत परत लावून बघितलं तेव्हा सुया थांबल्या, आणि शॉट संपल्यावरही बराच वेळ थांबलेल्याच राहिल्या.

एका टीव्ही वाहिनीने कच्ची फिल्म बघून ती घ्यायचं कबूल केलं. सगळा देश बघणार होता. माझ्या दृष्टीने ते पातेलं हजार पत्रकांच्या बरोबरीचं होतं.

पण आर्नेंची एक रीत होती. फिल्म पूर्ण व्हायच्या आधी ते ती ज्याच्यावर आहे त्याला दाखवायचे. त्याच्याच घरी, त्याच्या टेबलावर. तो म्हणेल ते काढायचे. वाद घालायचे नाहीत, कारण विचारायचे नाहीत. आम्ही जानेवारीत सोनवण्यांकडे गेलो. त्यांनी सगळं बघितलं, दोनदा हसले. मग मला म्हणाले, "ताई, ते पातेल्याचं तेवढं काढायला सांगा. घरी मी क्वालिटीमध्ये आहे म्हणून सांगितलंय. तिनं हात पाहिले ना, तर म्हणेल परत या. मग एवढं केलेलं काय?"

मी भाषांतर करायच्या आधी मराठीतच त्यांच्याशी बोलायला लागले. तुमच्यासारखे किती जण आहेत, हे दिसलं पाहिजे, पट्ट्याचा वेग कमी व्हायला हवा, वगैरे. आर्नेंना मराठी येत नव्हतं. पण त्यांनी हात पुढे करून लॅपटॉप हळूच मिटला. "तो काय म्हणाला तेवढं सांग," ते म्हणाले, "तू काय म्हणालीस ते मला कळलं."

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. सोनवण्यांनी पोहे केले होते, ते आम्ही खाल्ले.

परतताना गाडी मी चालवत होते. दोन्हीकडे पांढरं, मध्ये काळा सरळ रस्ता. ते बाजूला बसून विणत होते. मला जे म्हणायचं होतं ते मी सगळं म्हटलं: हा चांगुलपणा नाही, हा पळपुटेपणा आहे, एका माणसाची भीड राखायला तुम्ही हजारो हातांवर पडदा टाकता आहात, आणि वाहिनी आता फिल्म घेणार नाही. ते म्हणाले, "नाही घेणार." मग त्यांनी मामाची गोष्ट सांगितली.

त्यांची पहिली फिल्म त्या मामावरच होती. फिरत्या सिनेमाचा माणूस. मामा प्यायचा. एका शॉटमध्ये तो प्रोजेक्टरशेजारी दारू पिऊन झोपलेला आहे, तोंड उघडं, आणि त्याच्या चेहऱ्यावर सिनेमाचा उजेड हलतो आहे. अतिशय सुंदर शॉट, आर्ने म्हणाले, तसा नंतर मला कधी मिळाला नाही. मामाला त्यांनी दाखवला नव्हता, सुचलंच नाही. ऑस्लोत फिल्मला बक्षीस मिळालं. आणि बक्षीस मिळालेली म्हणून ती फिरत्या सिनेमाच्या त्या वर्षीच्या यादीत आली.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

मला कळायला थोडा वेळ लागला. ती फिल्म बेटाबेटावर दाखवायची ड्यूटी मामाची होती. गाडी तीच, प्रोजेक्टर तोच. त्या वर्षी मामा प्रत्येक गावात गेला, पडदा बांधला आणि स्वतःच्या हाताने ते रीळ लावलं. प्रत्येक सभागृहात त्या जागी लोक हसले. मामा प्रोजेक्टरशेजारी उभा असायचा. त्याने एकही खेळ चुकवला नाही.

"मी त्याला विचारलं, फिल्म कशी वाटली," आर्ने म्हणाले. "म्हणाला, वाईट नाही."

मग मी म्हटलं की हे फार वाईट झालं, पण मामा आणि कारखाना यात फरक आहे. मामाची दारू दाखवून कुणाचं भलं होणार नव्हतं. सोनवण्यांचे हात दाखवून होईल. ते म्हणाले, "असेल. तुझं म्हणणं बरोबर असेल. पण हात त्याचे आहेत."

त्या रविवारी मी घरी फोन केला आणि वडिलांना सगळं सांगितलं. ते माझ्या बाजूने पेटून उठतील याची मला खात्री होती. ते म्हणाले, "अगं, पत्रकात कामगाराचं नाव घालायच्या आधी आम्ही विचारायचोच की. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला उभं राहायचं असतं, आपल्याला नाही."

मी म्हटलं, आणि तो नको म्हणाला तर?

"तर नाव काढायचो."

आणि मग पत्रकाची धार जायची ना?

"जायची," वडील म्हणाले. "मग? विचारायचं नाही का?" आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

वाहिनीने फिल्म घेतली नाही. ती त्या गावच्या लायब्ररीत दाखवली. कारखान्यातले लोक पोराबाळांसह आले, स्वतःची स्वयंपाकघरं पडद्यावर बघून हसले, एकमेकांना कोपरं मारली. सोनवणे पहिल्या रांगेत बसले होते. ती आर्नेंची शेवटची फिल्म. पट्टा पुढेही त्याच वेगाने चालत राहिला. ते पातेलं दाखवायला हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगत आले. ते दर वेळी नीट ऐकून घ्यायचे, जणू पहिल्यांदाच ऐकताहेत.

त्या पातेल्याबद्दल मी इथे लिहिलं, म्हणून सांगायला हवं की आधी सोनवण्यांना विचारलं. आता बायको-मुलगी इथे आहेत, कारखाना सुटला, ते स्कूलबस चालवतात. "लिहा ताई," ते म्हणाले, "आता काय. तिला सगळं सांगून झालं. नाव तेवढं दुसरं घाला. आणि बाबांना चांगलं लिहा."

पुढे एका पानगळीत आर्नेंना कॅन्सर निघाला. डॉक्टर फार काही बोलले नाहीत, म्हणजे जे सांगायचं ते सांगितलं. मार्गरेटने मला बोलावून विचारलं, याच्यावर कुणीच फिल्म केली नाही, तू करशील का? मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले, "करायची असेल तर नीट कर. आणि निवेदन नको."

हिवाळाभर मी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे जात होते. त्यांच्याकडूनच शिकल्याप्रमाणे पहिले काही दिवस तो पिशवीतच ठेवला आणि मार्गरेटच्या हाताखाली बटाटे सोलले. त्यांना मध्येच दम लागायचा. मग सुया मांडीवर टेकवून ते खिडकीतून बाहेर बघायचे, आणि श्वास जागेवर आला की नेमका तोच टाका उचलायचे.

मार्च सरता सरता फिल्म जोडून झाली. बर्फ वितळायला लागलं होतं, छपरावरून पाणी गळत होतं. मी लॅपटॉप त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मार्गरेट शेगडीपाशी उभी राहून बघत होती. ते विणत होते, लहानसं काहीतरी, निळं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, फक्त ऐकत होते. टकटक, टकटक. बेटाची आठवण सांगतात तिथे चालू. माझ्याशी भांडतात तिथे चालू.

मग सुया थांबल्या.

कोणता शॉट, ते मला माहीत होतं. जोडतानाच माहीत होतं. त्यांच्या टकटकीत बसून इतकी वर्षं काढल्यावर मला मिळालेला तो पहिला. सुया त्या शॉटभर थांबल्या आणि तो संपल्यावरही थोडा वेळ थांबूनच होत्या. मग हळूहळू परत सुरू झाल्या.

फिल्म संपल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुला कळलंच असेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो.

"तो सगळ्यात चांगला आहे. मला तसा एकदाच मिळाला होता." मग म्हणाले, "तो काढ."

मार्गरेट तिकडून म्हणाली, "आर्ने, राहू दे ना."

त्यांनी नुसती मान हलवली. कारण सांगितलं नाही. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ पुरावा होता, त्यांच्याच सुयांनी दिलेला. मी म्हटलं, तुम्हीच म्हणता चांगला आहे. दिग्दर्शक म्हणून तुम्ही हा काढला असता?

"दिग्दर्शक तू आहेस," ते म्हणाले. "मी मामा आहे."

मी तो तिथेच, त्यांच्यासमोर काढला. मागचा आणि पुढचा शॉट जोडला. ते म्हणाले, आता सलग दाखव. मी दाखवलं. ज्या जागी सांधा होता त्या जागेवरून सुया न अडखळता पुढे गेल्या.

"वाईट नाही," ते म्हणाले.

फिल्म पुढे संस्थेत दाखवली, ते गेल्यानंतर. खोली भरली होती, देशमुखकाकाही आले होते. संपल्यावर एक मुलगा म्हणाला की मध्ये एका ठिकाणी काहीतरी गाळल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, गाळलं आहे. काय, ते सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही. सोनवण्यांना फोन करता आला. यांना आता विचारायची सोय नाही, आणि शेवटचं विचारलं तेव्हा ते नको म्हणाले होते.

तो शॉट काढला त्या दिवशी मी बूट चढवून त्यांच्या घरातून बाहेर पडले. अंगणात अर्धं पाणी, अर्धं बर्फ. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावतात ती ब्लॉक हीटरची वायर अजून गाडीच्या नाकाला लोंबत होती, ती काढताना मी घराकडे बघितलं. ते खिडकीत बसले होते, ओठ हलवत टाके मोजत. माझ्याकडे लक्ष गेलं. हात हलवायचा तर विणकाम खाली ठेवावं लागलं असतं आणि मोजणी चुकली असती. त्यांनी हातातल्या सुयांपैकी टाके नसलेली एक उंच धरली, मी गाडीत बसेपर्यंत तशीच धरून ठेवली, आणि मग परत टाक्यात घातली.